दुपारी प्रेस मऊ पडते: जिनिंगच्या हायड्रॉलिक प्रेसची हंगामागणिक येणारी तक्रार

तक्रार दरवर्षी तीच, आणि येतेही साधारण त्याच सुमाराला. दिवाळीनंतर जिन (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने) जोरात सुरू होतात, डिसेंबर-जानेवारीत रुईच्या गाठी बांधणारी प्रेस झकास चालते. संक्रांत उलटून ऊन तापायला लागलं की फोन सुरू होतात. "भाऊ, प्रेस सकायले चांगली चालस, दुपारले दम टाकी देस." धरणगाव असो, बोदवड, जामनेर की शहादा, वाक्य थोड्याफार फरकाने हेच.

लक्षणंही ठरलेली आहेत. सकाळच्या पाळीत रॅम (रुई दाबणारा लोखंडी दांडा) सरळ जाऊन दाबतो, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा नेहमीच्या खुणेवर येतो. जेवणानंतर तोच काटा अडखळत चढतो. कसाबसा वर पोचला तरी तिथे टिकत नाही, तार बांधून होईपर्यंत खाली सरकतो. १७० किलोची गाठ हवी तेवढी दबत नाही, प्रेसमधून बाहेर काढली की फुगते, एखादी तार तुटते, आणि गाठी फुगल्या की ट्रकमध्ये थप्पी नीट बसत नाही. संध्याकाळी गारवा आला की प्रेस पुन्हा शहाण्यासारखी वागायला लागते, म्हणून दुरुस्ती उद्यावर जाते.

यावर जागोजागी तीन इलाज चालतात. पहिला, रिलीफ व्हॉल्व्हचा (दाब जादा झाला की तेल टाकीत सोडणाऱ्या झडपेचा) स्क्रू अर्धा आटा आवळायचा. दुसरा, रॅमचं पॅकिंग, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या रिंगा, बदलायचं. तिसरा, शेठजींचा संयम संपला की पंप उतरवून ओव्हरहॉलला पाठवायचा. तिन्हींमुळे चार-आठ दिवस बरे जातात, कारण त्या निमित्ताने प्रेस थंड झालेली असते आणि टाकीत थोडं नवीन तेल पडलेलं असतं. मग पुन्हा तेच. माझं म्हणणं असं की सकाळ-दुपारचा फरक हाच मुख्य पुरावा आहे. पॅकिंग फाटलं असतं तर ते सकाळीही फाटलेलंच असतं. दुपारी जी एक गोष्ट बदललेली असते ती म्हणजे तेलाचं तापमान, आणि माग तिथूनच काढायला हवा.

तापलं की तेल किती पातळ होतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. जिनमध्ये सर्रास वापरतात ते ६८ ग्रेडचं तेल. हा ६८ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्याची घट्टता ६८ सेंटिस्टोक. तेच तेल ६० अंशांवर २९च्या आसपास येतं आणि ७० अंशांवर २०च्या. म्हणजे दुपारी टाकी ७० अंशांवर गेली असेल तर सकाळच्या मानाने तिसऱ्या हिश्शाचंच घट्ट तेल तुम्ही वापरत असता. पंपाच्या आतल्या फटी, स्पूल व्हॉल्व्हमधला (तेलाची दिशा बदलणारी, आत सरकता स्पूल असलेली झडप) मोकळा अंश, पिस्टनचं सील, सगळीकडून ते मागे पळतं. नव्या पंपात हे खपून जातं. चार हंगाम चाललेल्या पंपात खपत नाही. आणि पळालेलं तेल पुन्हा उष्णता तयार करतं, म्हणून एकदा तापमान चढू लागलं की चढतच जातं.

याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला जितके लिटर तेल काम न करता टाकीत परत जातं, त्याला बारमधल्या दाबाने (बार हे दाबाचं एकक) गुणा आणि ६००ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. १५० बारवर मिनिटाला फक्त १० लिटर गळती असेल तर अडीच किलोवॅट. म्हणजे घरातल्या गिझरपेक्षा दमदार हीटर तुमच्या टाकीत बुडवून ठेवल्यागत झालं. आणि रिलीफ व्हॉल्व्हमधून मिनिटाला १०० लिटर जात असेल तर तो आकडा २५ किलोवॅट होतो. मार्चमध्ये खान्देशात बाहेरचीच हवा ३८-४० अंशांची असते, तिने हे सगळं गार करायचं आहे.

खोलण्याआधी मोजा

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस फक्त आकडे घ्या. टाकीतल्या तेलाचं तापमान, रॅम रुईला टेकल्यापासून पूर्ण दाब येईपर्यंतचे सेकंद (मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं), दाबावेळी मोटरचे अँपिअर, आणि तेलाची पातळी. सकाळी पहिल्या चार-पाच गाठींना एकदा, दुपारी तीनच्या सुमाराला एकदा. रजिस्टरमध्ये चार रकाने आखून प्रेसमनच्या हाती पेन द्या. तो कंटाळा करेल, पण त्याच्याइतकं ते मशीन कुणालाच माहीत नसतं.

अँपिअरचा रकाना मी मुद्दाम घालतो. साध्या ठरावीक डिलिव्हरीच्या पंपात मोटरवरचा भार पंपाच्या तोंडाशी असलेल्या दाबाप्रमाणे चढतो-उतरतो. गेजवर दाब कमी दिसतोय आणि अँपिअर मात्र सकाळइतकेच आहेत, तर आधी गेजवर संशय घ्या. ग्लिसरीन गळालेलं, काटा अडकलेला, किंवा गेजच्या बारीक नळीत कचरा बसलेला असतो. दुसरं, खात्रीचं गेज लावून बघा. दाब आणि अँपिअर दोन्ही कमी असतील तर दाब खरोखरच तयार होत नाहीये.

"दुपारी व्होल्टेज पडतं म्हणून होतं" हे वाक्यही प्रत्येक जिनमध्ये ऐकू येतं. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं हे खरं आहे. पण व्होल्टेज पडलं तर इंडक्शन मोटरचा वेग फारसा उतरत नाही, ती तेवढ्याच कामाला जास्त अँपिअर ओढते आणि तापते. अँपिअर कमी दिसत असतील तर महावितरणला यातून सोडून द्या.

काम सुरू करण्याआधी

हे वाचून कंटाळा येईल, तरी वाचा. प्लेटनखाली (रुईवर दाब देणाऱ्या जाड प्लेटखाली) हात, डोकं, काहीही घालायचं असेल तर आधी रॅम शेवटच्या जागी आणा, किंवा प्लेटनला लोखंडी टेकू द्या. नुसत्या तेलाच्या भरवशावर टांगलेल्या वजनाखाली जायचं नाही. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. प्रेसमनच्या नाही, वॉचमनच्या तर नाहीच. मग लिव्हर दोन्ही बाजूंना फिरवून अडकलेला दाब सोडा, गेज शून्यावर आलेलं बघा, आणि त्यानंतरच नट ढिला करा.

होजमधून (दाबाच्या रबरी नळीतून) बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हात फिरवून शोधू नका. त्या दाबाचं तेल कातडी भेदून आत जातं. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर डाग उमटतो. असं कुणाला झालंच तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटलला न्या आणि "तेल दाबाने आत गेलंय" हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

आणि प्रेस-हाउसमध्ये वेल्डिंग नको. रुईचा धुरळा, सांडलेलं तेल आणि एक ठिणगी एकत्र आली की काय होतं ते खान्देशातल्या जिनवाल्यांना सांगायला नको.

कूलरपासून सुरुवात

जिनमध्ये मी पहिल्यांदा तेल गार करणारा कूलर बघतो. फॅनवाला हवेचा कूलर असेल तर तो बहुधा पॉवर पॅकशेजारीच (पंप, मोटर आणि टाकीच्या संचाशेजारी), म्हणजे प्रेस-हाउसच्या आतच असतो. तो हवा ओढतो ती रुईच्या तंतूंनी भरलेली. चोपडा तालुक्यातल्या एका जिनमध्ये हंगामात दोनदा पॅकिंग बदलून झालं होतं. कूलरचा फॅन छान फिरत होता, समोरून पाहिलं तर पितळी-काळ्या फिनही (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) दिसत होत्या. फॅनची जाळी काढून मागच्या बाजूला हात घातला तेव्हा बोटाला फिन लागेचनात. तेलाचा ओशटपणा आणि रुई मिळून दोन-अडीच मिलिमीटरचा करडा थर बसला होता. कोपरा नखाने उचलला तर वीतभर रुंद अख्खा थर सोलून हातात आला. फॅन फिरत होता, हवा मात्र आरपार जात नव्हती.

ज्या बाजूने हवा आत शिरते तिच्या उलट बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारा. समोरून मारली तर कचरा आणखी आत ठासतो. दाब फार ठेवू नका, फिन वाकतात. ओशट थर नुसत्या हवेने निघत नाही, त्याला डिटर्जंटचं पाणी फवारून अर्धा तास मुरू द्या, मग धुवा. हंगामात हे काम आठवड्याला करायचं आहे, आणि जमलं तर कूलर भिंतीबाहेर सावलीत नेऊन बसवा. दोन पाइप वाढतील एवढाच खर्च, पण बाहेरची हवा निदान स्वच्छ असते. त्या चोपड्याच्या जिनमध्ये कूलर साफ केल्यावर दुपारचं तापमान ७०च्या वरून ५५च्या आत आलं. पॅकिंगला कुणी हात लावला नाही.

पाण्याचा कूलर असेल तर दुखणं वेगळं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, नळ्यांच्या आत पांढरा थर धरतो. चारही टोकांचं तापमान घ्या: तेल आत, तेल बाहेर, पाणी आत, पाणी बाहेर. पाणी भरपूर वाहतंय, पण तेलही फारसं उतरत नाही आणि पाणीही फारसं तापत नाही, म्हणजे मध्ये क्षार आडवा आलाय. क्षार काढणाऱ्या द्रावणाने नळ्या धुवाव्या लागतात, आणि ते द्रावण नळ्यांच्या धातूला चालणारं आहे ना ते बाटलीवर वाचून घ्या. नळी फुटली असेल तर आणखी गंमत होते. प्रेस चालू असताना तेलाचा दाब जास्त म्हणून तेल पाण्यात जातं, हौदावर तवंग येतो. रात्री प्रेस बंद झाली की पाण्याच्या टाकीतलं पाणी उलट तेलात उतरतं. सकाळी तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर नळी तपासा.

तापमान ५० ते ५५च्या आसपास राहिलं तर उत्तम. ६०च्या वर गेलं की सावध व्हा. ८०च्या पुढे रबरी सील कडक व्हायला लागतात, मग ते गार झाल्यावरही गळतात. म्हणजे "पॅकिंग वारंवार जातं" ही तक्रार पुष्कळदा तापमानाचीच तक्रार असते.

काही जण यावर जाड तेल टाकतात, ६८ऐवजी १००. दुपारी जरा बरं वाटतं. पण खान्देशात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ते तेल स्ट्रेनरमधून (पंपाआधीच्या जाळीतून) पंपाकडे जायलाच तयार नसतं. पंप कण्हत सुरू होतो आणि त्या पहिल्या दहा मिनिटांत त्याचं जे नुकसान होतं ते दुपारी पुन्हा आपल्यालाच भोवतं. ग्रेड मशीनच्या कागदात लिहिलेली ठेवा आणि तेल गार ठेवण्याची व्यवस्था करा.

पंप ओरडतो त्याचं काय

आवाजाचे दोन प्रकार कानाला वेगळे कळतात. एकसारखा कर्कश कण्हण्याचा आवाज असेल तर पंपाला तेल पुरत नाहीये. खडखडाट असेल आणि टाकीत फेस दिसत असेल तर तेलाबरोबर हवा ओढली जातेय.

तेल पुरत नसेल तर टाकीतला सक्शन स्ट्रेनर काढा. तो टाकीच्या आत बुडालेला असतो, दिसत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी प्रेस बसवल्यापासून कुणी त्याला पाहिलेलंच नसतं. साधारण १०० मेशचा, म्हणजे दीडशे मायक्रॉनच्या आसपासचा असतो. जिनमध्ये त्याच्यावर रुईचे गोळे बसतात. ही रुई आत येते कुठून? एक, टाकीच्या उघड्या झाकणातून. दोन, ब्रीदरची (टाकीत हवा ये-जा करणाऱ्या वाटेची) टोपी हरवलेली असते आणि तिथे कुणीतरी चिंधी कोंबलेली असते. तीन, आणि हे सगळ्यात जास्त, टाकी पुसायला वापरलेल्या कॉटन वेस्टमधून. जिनमध्ये पुसायला रुई फुकट मिळते म्हणून टाकीसुद्धा तिनेच पुसतात. तंतू तेलात राहतात, तिथून व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये आणि रिलीफच्या सीटवर (झडप टेकते त्या जागी) जाऊन बसतात. टाकी पुसायची तर धागे न सोडणारं कापड घ्या. कानाकोपऱ्यातला गाळ उचलायला मी कणकेचा गोळा वापरतो, दाबला की कण चिकटून येतात. डिझेलने टाकी धुतली तर ते पूर्ण निथळून सुकलंय याची खात्री करा. तळाला राहिलेलं पाच लिटर डिझेल नवीन तेलाला पातळ करतं.

हवा ओढली जात असेल तर सक्शन पाइपच्या प्रत्येक जोडावर प्रेस चालू असताना तेलाची धार सोडा किंवा ग्रीस लिंपा. ज्या जोडावर आवाज बदलेल तोच चोर. तेलाची पातळी कमी होऊन रिटर्न पाइपचं तोंड उघडं पडलं असेल तरी फेस होतो, मग फक्त तेल भरायचं असतं.

दोष अलग कसा करायचा

कूलर साफ, स्ट्रेनर साफ, तेल ५५ अंशांवर, आणि तरीही दाब टिकत नाही, तेव्हा मशीनच्या आत बघायची वेळ आली. इथेही आधी खोलायचं नाही. तापमान मोजायची गन बाजारात सहज मिळते, ती घ्या. प्रेस दाबाखाली असताना टाकीत परत येणाऱ्या प्रत्येक पाइपवर ती मारत जा. रंग मारलेल्या किंवा काळपट पृष्ठावर मारा, चकचकीत पाइपवर ती फसवते. ज्या पाइपमधून तेल चोरून परत येतंय तो शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट गरम लागतो. रिलीफच्या मागचा पाइप तापलेला असेल तर रिलीफ उघडा राहतोय. डायरेक्शन व्हॉल्व्हचा टाकीकडचा पाइप तापला असेल तर एकतर स्पूल झिजलाय किंवा सिलिंडरमधून तेल पिस्टनला वळसा घालून जातंय.

रिलीफ व्हॉल्व्ह खोलून पाहिला की अनेकदा सीटवर एक तंतू किंवा धातूचा कण बसलेला असतो, किंवा पायलटचं (व्हॉल्व्हच्या आतल्या छोट्या झडपेचं) बारीक छिद्र चोंदलेलं असतं. साफ करून बसवा. सेटिंग मशीनच्या पाटीवर असेल तेवढंच ठेवा आणि लॉकनटवर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे कुणी फिरवला की दिसतं. दाब येत नाही म्हणून रिलीफ आवळत जाण्याने दोष झाकला जातो. पुढे कधीतरी तेल गार असताना प्रेस खरोखरच त्या वाढवलेल्या दाबावर जाते, तेव्हा भार टाय रॉडवर (प्रेसची चौकट बांधून ठेवणाऱ्या दांड्यांवर) आणि सिलिंडरच्या तळावर येतो. टाय रॉड हंगामाच्या मध्यात तुटला तर प्रेस कशी सुरू करायची याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पंप तपासायचा तर रिलीफच्या पुढच्या बाजूला स्टॉप व्हॉल्व्ह असेल तो बंद करून पंप क्षणभर चालवा. रिलीफच्या पुढच्या बाजूला हे लक्षात ठेवा. पंप आणि रिलीफच्या मध्ये काहीही बंद करून पंप चालवला तर काहीतरी फुटेल. व्हॉल्व्ह बंद असताना दाब झटक्यात येतो आणि टिकतो, म्हणजे पंप आणि रिलीफ दोघे निर्दोष, दोष पुढे सिलिंडर-व्हॉल्व्हकडे. दाब येतच नाही आणि रिलीफ नुकताच साफ केलाय, तर पंप. पिस्टन पंप असेल तर त्याच्या केसमधून टाकीत येणारी ड्रेनची नळी बादलीत सोडून मिनिटभरात किती तेल येतं ते मोजा. पंपाच्या डिलिव्हरीच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा वर गेलं असेल तर ओव्हरहॉलचा खर्च सार्थकी लागेल. गरम तेलावर मोजा, गारवर मोजून उपयोग नाही.

डबल ॲक्टिंग सिलिंडर असेल तर रॅम शेवटपर्यंत नेऊन थांबवा, दाब सोडा, समोरच्या बाजूचा होज उतरवून सिलिंडरचं तोंड बादलीकडे वळवा, उतरवलेल्या होजला प्लग मारा, आणि मग दाब द्या. तोंडातून सतत धार येत असेल तर पिस्टन सील गेलंय. हे करताना समोर कुणी उभं राहू नये. मोठ्या सिलिंडरच्या डोक्यावर प्रीफिल व्हॉल्व्ह (रॅम भरभर सरकताना सिलिंडरमध्ये तेल भरणारी झडप) असतो. तो नीट बसत नसेल तर रॅम झपकन खाली येतो, पण दाब धरायला वेळ लावतो. त्याच्या सीटवरही बहुधा रुईच सापडते.

पॅकिंग बदलायचंच असेल तर

गळती डोळ्यांना दिसत असेल, ग्लँडमधून (पॅकिंग दाबून धरणाऱ्या कडीतून) तेल ओघळत असेल, तर पॅकिंग बदलणं आलंच. पण त्याआधी रॅम पुसून नखाने चाचपा. उभी ओरखड किंवा गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर कोणतंही पॅकिंग महिनाभरही टिकणार नाही. बारीक खरखर ऑइलस्टोनने काढा, खोल असेल तर रॅम बाहेर काढून क्रोम करायला पाठवणं स्वस्त पडतं.

व्ही पॅकिंगचा सेट बसवताना व्हीचा उघडा ओठ दाबाच्या बाजूला राहिला पाहिजे. कापलेल्या रिंगा असतील तर त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, गोलाईवर फिरवत ठेवा. ग्लँडचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. गळती एका झटक्यात बंद करण्यासाठी ग्लँड गच्च आवळणारे मिस्तरी मी पाहिलेत, त्यात पॅकिंग रॅमवर घासून जळतं. सुरुवातीला रॅमवर तेलाची पुसट ओल दिसली तर दिसू द्या.

एका बाजूनेच पॅकिंग झिजत असेल तर रॅम तिरका जातोय. रुई भरायच्या बॉक्समध्ये ती एका कोपऱ्यात जास्त पडते का ते बघा. गाइड बुश आणि टाय रॉडचे नट तपासा. नटावर हलकी हातोडी मारली की घट्ट नट खणखणीत वाजतो, ढिला बोथट वाजतो. नट आणि प्लेटच्या मध्ये फीलर गेजचं सर्वांत पातळ पान शिरत असेल तरी तो ढिला समजा.

पाणी आणि पावसाळा

हंगाम संपला की प्रेस मे ते सप्टेंबर पडून असते, आणि पुढच्या हंगामाचं अर्धं दुखणं त्या चार-पाच महिन्यांत तयार होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याखालची टाकी दिवसा तापते, रात्री निवते. ब्रीदरमधून हवा आत-बाहेर होते आणि पावसाळ्यात तिच्याबरोबर दमटपणा येतो. टाकीच्या छताला आतून पाणी धरतं आणि तळाला साचतं.

म्हणून पडून राहिलेल्या प्रेसची मोटर सुरू करण्याआधी दर वेळी टाकीच्या तळाचा ड्रेन हळूच उघडा. पाणी जड, ते आधी येतं. तेल सुरू झालं की बंद करा. एकदा पंप फिरवला की पाणी तेलात घुसळलं जातं आणि मग निघत नाही. संशय असेल तर गरम तव्यावर तेलाचा एकच थेंब टाका, चष्मा लावून. तडतडला तर तेलात पाणी आहे. जुन्या तेलात गाडीचं इंजिन ऑइल टॉप-अप केलेलं असेल तर पाणी तळाला बसतच नाही, कारण त्यातला डिटर्जंट पाण्याला धरून ठेवतो. तेलाचा नमुना तपासायला द्यायचा तर तो प्रेस चालू असताना टाकीच्या मध्यातून घ्या, तळातला गाळ घेऊ नका. घट्टता मूळ आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त बदलली असेल तर तेल बदला. ते ठीक असेल तर नुसतं गाळून घेतलं तरी चालतं, दरवर्षी अख्खी टाकी ओतून टाकायची गरज नसते.

नवीन बॅरलमधलं तेलही थेट टाकीत ओतू नका. ते फिल्टर लावलेल्या हातपंपाने किंवा छोट्या ट्रान्स्फर पंपाने १० मायक्रॉनमधून भरा. बॅरल उघड्यावर उभा ठेवला की झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री बॅरल गार झाला की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढलं जातं. बॅरल आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा, म्हणजे ती आतून तेलाने झाकलेली राहतात.

बंद करताना रॅम सिलिंडरच्या आत ओढून ठेवा. जो भाग बाहेर राहतो त्याला ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मोटर सुरू करून रॅम पूर्ण बाहेर-आत करायचा, पुन्हा ग्रीस लावायचं. दमट हवेत मोटरची इन्सुलेशनही पडते, म्हणून त्याआधी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या.

हंगाम चालू असताना

रोज पाळी सुरू होताना: पातळी, तेलाचा रंग, ग्लँडची ओल, आणि रजिस्टरमधले आकडे. आठवड्याला कूलर आणि ब्रीदर. रिटर्न फिल्टरला लाल खूण दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा, पण तेल गरम असताना बघा. गार तेलावर तो खोटाच लाल होतो. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात फिल्टर लवकर भरतो, कारण पडून राहिलेल्या टाकीतला गाळ तेव्हा उठतो. तेव्हा फिल्टरचा एक जादा घटक (आतली गाळणी) जवळ ठेवा. होज फ्रेमला कुठे घासतोय का ते दर पंधरा दिवसांनी. घासत असेल तर क्लँप सरकवा, चिंधी गुंडाळणं हा उपाय नव्हे. प्रत्येक होजवर तयार झाल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. बाहेरून चांगला दिसणारा, पण छापा पुसला जाण्याइतका जुना होज मी बदलायला सांगतो. लिमिट स्विच आणि इमर्जन्सी बटण आठवड्यातून एकदा मुद्दाम दाबून बघा. बॉक्सच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना प्रेस चालू न देणारी सोय) कुणी तार बांधून बायपास केला असेल तर ती तार त्याच दिवशी कापा.

पॅकिंगचा एक पूर्ण सेट, रिटर्न फिल्टरचे घटक, रिलीफ व्हॉल्व्हची सील किट, दोन महत्त्वाचे होज, एक गेज आणि एक सोलेनॉइड कॉइल, एवढं कपाटात असायला हवं. रॅमचा व्यास आणि ग्लँडची खोली आजच मोजून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पॅकिंग मागवताना दुकानदार तेच विचारतो आणि तेव्हा रॅम रुईत अडकलेला असतो. ऑर्डर पंधरा ऑगस्टच्या आत द्या. दसऱ्यानंतर सगळ्या जिनवाल्यांना एकाच आठवड्यात सगळं हवं असतं आणि मग जळगावात नसलेली वस्तू मुंबई-अहमदाबादहून येईपर्यंत बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते.